वेर, वैर आणि माणसाची किंमत



आज मी ज्या शब्दावर बोलणार आहे तो आपल्या भाषेतला नाही, आणि ज्यांच्या भाषेतला आहे त्यांच्याही बोलण्यातून तो तेराव्या शतकाच्या अखेरीस गेला. शब्द आहे 'वेर'. इंग्लंडमध्ये साधारण पाचव्या ते अकराव्या शतकात जी भाषा चालत होती तिला आज 'जुनी इंग्रजी' म्हणतात. शेक्सपिअरच्या इंग्रजीला जुनी समजणाऱ्यांनी जपून राहावे, कारण शेक्सपिअर या भाषेच्या फार पुढचा. या जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष, आणि त्याबरोबरच नवरा. आपल्याकडे बायका "आमचा माणूस" म्हणतात तेव्हा जे होते तेच तिथे होत होते.

एवढ्या छोट्या शब्दावर तासभर बोलण्याचे कारण हे, की त्याला एक जोडशब्द चिकटलेला आहे: 'वेरगिल्ड'. वेर म्हणजे माणूस, गिल्ड म्हणजे देणे. माणूस मारला गेला तर त्याच्या घरच्यांना जी रक्कम द्यायची ती वेरगिल्ड. पुढे पुढे लोक नुसते 'वेर' म्हणत आणि रक्कमच समजत. "त्याचा वेर दोनशे शिलिंग", असे सरळ म्हणत. माणूस आणि माणसाची किंमत यांना एकच शब्द! हे ऐकून आपल्याला जरा ओशाळल्यासारखे होते. माणसाला का कुठे किंमत लावायची असते? त्या ओशाळण्याची थोडी तपासणी करावी, हा आजचा हेतू.

शब्दाचे गणगोत

आधी शब्दाचे घर बघू. जुन्या इंग्रजीत 'वेर' पुरुष, 'वीफ' बाई, आणि 'मन्' म्हणजे दोघांपैकी कुणीही, नुसता माणूस. बाईलाही बिनदिक्कत 'मन्' म्हणत. नेमके सांगायचे असेल तर 'वीफमन्' म्हणत, आणि आजचा 'वुमन' तो हाच. मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. आपण बाईमाणूस म्हणतो, गडीमाणूस म्हणतो. माणूस दोन्हीकडे तसाच राहतो. गंमत म्हणजे 'वीफ' हा शब्द नपुंसकलिंगी होता. इंग्रजीचे अभ्यासक याचे नवल करतात. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असे सांगणाऱ्या पिढ्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना नवल वाटायचे कारण नाही.

पुरुषाला आणखीही शब्द होते. त्यातला 'गुमा' हा लग्नात अडकून वाचला. नवऱ्या मुलाला 'ब्रीडगुमा' म्हणत, म्हणजे नवरीचा पुरुष. पुढे 'गुमा' कुणाला कळेना, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी 'ग्रूम' बसवला. त्या 'ग्रूम'चा अर्थ मुळात पोऱ्या, आणि पुढे मोतद्दार. नवरदेवाचा मोतद्दार झाला तो असा.

'वेर' मात्र सरळ सरळ मेला. 'मन्' या शब्दाने हळूहळू पुरुषाची जागा बळकावली आणि 'वेर'ला काम उरले नाही. तो आज दोन ठिकाणी लपून आहे. एक जागा सगळ्यांना माहीत असते: 'वेअरवुल्फ', माणसाचा लांडगा होणारा तो. हा शब्द जुन्या इंग्रजीत सापडतो तो भुताखेतांच्या गोष्टीत नाही, चक्क कायद्याच्या पुस्तकात. राजा कनूटचे कायदे यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने लिहून दिले. त्यात तो बिशपांना बजावतो, की मेंढपाळासारखे जागे राहा, नाहीतर पिसाळलेला नरलांडगा कळप फाडील. नरलांडगा म्हणजे इथे सैतान. वुल्फस्टनच्या स्वतःच्या नावात लांडगा होता आणि लॅटिनमध्ये तो 'लुपुस', म्हणजे लांडगाच, या नावाने लिही. तेव्हा ही उपमा त्याला सुचली कशी, याचे संशोधन करायला नको.

दुसरी जागा जास्त मोठी आणि कुणाच्या लक्षात न येणारी. 'वर्ल्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'वेओरोल्ड' असा होता. त्याची फोड वेर अधिक 'आल्ड', म्हणजे वय, काळ. माणसाचा काळ तो 'वर्ल्ड'. जगाला त्यांनी जागेच्या नव्हे, आयुष्याच्या मापाने मोजले होते. आपण पृथ्वीला मृत्युलोक म्हणतो, त्याच्या शेजारीच बसवावी अशी ही कल्पना आहे.

आता आपल्याकडे येऊ. 'वेर'चा सख्खा चुलतभाऊ संस्कृतात आहे आणि तो आपण रोज वापरतो: 'वीर'. लॅटिनमध्ये 'विर', आयरिशमध्ये 'फेर', लिथुएनियनमध्ये 'वीरास', सगळे एकाच घरातले. ऋग्वेदात वीर म्हणजे शूर पुरुष तर खराच, पण नुसता पुरुष आणि मुलगाही. या 'वीर'पासून झालेला शब्द म्हणजे 'वैर'. आज वैर म्हणजे नुसते शत्रुत्व. मुळात मात्र माणूस मारला गेल्याने दोन घराण्यांत जे देणेघेणे उभे राहते ते वैर. "वैर फेडणे" असे आपण म्हणतो. फेडायचे असते ते कर्ज. मराठीच्या अंगात तो जुना हिशेब अजून मुरलेला आहे.

उघड्या थडग्यापाशी

इंग्लंडमधले सर्वांत जुने हाती आलेले कायदे केंटच्या एथेलबर्ट राजाचे. रोमहून पाठवलेला ऑगस्टिन हा धर्मप्रसारक ५९७ साली केंटला उतरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, सन ६०० च्या आगेमागे, हे कायदे लिहिले गेले. सुमारे नव्वद कलमे. बाकी युरोपात कायदे लॅटिनमध्ये लिहिण्याची रीत; यांनी लोकांच्या बोलीत लिहिले. मूळ प्रत राहिली नाही, पण रॉचेस्टरच्या मठात ११२० च्या दशकात केलेली नक्कल 'टेक्स्टस रॉफेन्सिस' या ग्रंथात आहे. पाचशे वर्षांनी कुणा लेखनिकाने ती उतरून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली.

त्यातले एक कलम मला फार बोलके वाटते. माणूस मारला तर मारणाऱ्याने वीस शिलिंग उघड्या थडग्यापाशी द्यावेत आणि चाळीस रात्रींच्या आत पूर्ण रक्कम चुकती करावी. साध्या स्वतंत्र माणसाची ही रक्कम शंभर शिलिंग. केंटमध्ये तिला 'लेओद' म्हणत, वस्तू तीच. डोळ्यांसमोर आणून बघा. खड्डा खणलेला आहे, प्रेत अजून आत उतरायचे आहे, एका बाजूला मेलेल्याचे भाऊबंद हत्यारे घेऊन उभे आहेत, आणि दुसऱ्या बाजूने मारणाऱ्याचे लोक थैली घेऊन येतात. माती लोटण्याआधी पहिला हप्ता हातात पडला पाहिजे. कायदा करणाराला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. थडगे बुजल्यावर उरतो तो नुसता राग, आणि रागाला हप्ते चालत नाहीत.

याच कायद्यात शरीराचे दरपत्रक असावे तशी यादी आहे. हाताकडे बघू. अंगठा तुटला तर वीस शिलिंग. तर्जनीला ते 'नेमबाजीचे बोट' म्हणतात, तिचे नऊ. मधले बोट चार. अनामिकेला 'सोन्याचे बोट' म्हणत, कारण अंगठी तिथे, तिचे सहा. करंगळीचे मात्र अकरा! करंगळी महाग का, याची उत्तरे पुष्कळ दिली गेली आहेत. हत्याराची मूठ आवळायला शेवटची पकड करंगळीची असते, हे कुऱ्हाड चालवणारा कुणीही सांगेल. पण खरी मौज पुढे आहे. वीस, नऊ, चार, सहा, अकरा. बेरीज करा, पन्नास होते. तुटलेल्या पावलाचेही पन्नास, डोळ्याचेही पन्नास, आणि अख्ख्या माणसाचे शंभर. हे आकडे कुणी अंदाजपंचे फेकलेले नाहीत. त्यामागे बसून केलेला हिशेब आहे आणि तो तोंडपाठ ठेवता येईल असा आहे. लिहितावाचता न येणाऱ्या समाजात कायदा बोटांवर मोजता आला पाहिजे. इथे तो अक्षरशः बोटांवर मोजला आहे.

समोरच्या दातांचे सहा शिलिंग, आणि जसजसे आत जाल तसतसे कमी. अंगठ्याचे नख गेले तर तीन शिलिंग. हे वाचून हसू येते खरे. पण कामावर असताना अपघात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा आपला १९२३ चा कायदा उघडून त्याचे परिशिष्ट बघा. कुठले बोट किती पेरांपर्यंत गेले तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता तिथेही आहे. शिलिंगाऐवजी टक्के आले, एवढेच.

दोनशेचा माणूस, बाराशेचा माणूस

केंटच्या पश्चिमेला वेसेक्सचे राज्य. तिथे माणसांच्या जातीच रकमेवरून ओळखत. शेतकरी, ज्याला 'चेओर्ल' म्हणत, तो 'दोनशेचा'. सरदार 'बाराशेचा'. मध्ये एक 'सहाशेचा' वर्ग. हे शब्द शिवी म्हणून नव्हे, दर्जा म्हणून सरळ कायद्यात लिहिलेले आहेत. शिलिंग म्हणजे काय याचा अंदाज हवा तर त्याच राज्यातला राजा इने याचा सातव्या शतकाच्या अखेरीचा कायदा सांगतो: कोकरासह मेंढी एक शिलिंगाची. म्हणजे शेतकऱ्याच्या बदल्यात दोनशे मेंढ्या, सरदाराच्या बदल्यात बाराशे.

ही रक्कम नुसती मेल्यावर उपयोगी पडत नव्हती. जिवंतपणी माणसाच्या शब्दाचे वजनही तिच्यावरूनच ठरे. पुरावा म्हणजे शपथ, आणि बाराशेच्या एका माणसाची शपथ दोनशेच्या सहा माणसांच्या शपथेबरोबर. भागाकार करून बघा, चोख आहे.

इनेच्याच कायद्यात वेल्श लोकांचे, म्हणजे ज्यांची ती मूळ भूमी होती त्यांचे, दर वेगळे आहेत. एक 'हाइड' जमीन असेल तर एकशेवीस शिलिंग, अर्धी असेल तर ऐंशी, काहीच नसेल तर साठ. 'हाइड' म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन. तेवढीच जमीन कसणारा इंग्रज दोनशेचा आणि वेल्श एकशेवीसचा. वेल्श हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्ह' म्हणजे परका, आणि पुढे त्याचाच अर्थ गुलाम असा झाला.

गुलामाला वेर नव्हताच. त्याला मारले तर मालकाला त्याची किंमत मिळे, बैल मेल्यावर मिळावी तशी. बायको, पोरे, भाऊ असतील, त्यांना काही नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा खिळा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. आपण समजतो, माणसाला किंमत लावणे हा अपमान. त्या समाजात अपमान उलटा होता. वेर असणे म्हणजे आपल्यामागे कुणीतरी विचारणारे आहे, आपल्या मरणाचा जाब द्यावा लागतो, अशी ती ग्वाही होती. ज्याला वेर नाही त्याचे मरण म्हणजे फक्त कुणाच्या तरी मालमत्तेचे नुकसान.

आणि बायकांचे काय? शब्द 'पुरुष' असला तरी वेर बाईलाही होता आणि तो तिच्या जन्माच्या घराण्याप्रमाणे ठरे. राजा आल्फ्रेडच्या नवव्या शतकातल्या कायद्यात गरोदर बाईला मारले तर तिचा पूर्ण वेर, आणि पोटातल्या मुलाचा अर्धा, तो बापाच्या घराण्याच्या दराने.

उत्तरेकडच्या एका कायद्यात आणखी मजेचे कलम आहे. चेओर्ल सधन होऊन त्याच्याकडे पाच हाइड जमीन आली तर त्याला सरदाराचा वेर लागू होतो. पण शिरस्त्राण आहे, चिलखत आहे, सोन्याने मढवलेली तलवारही आहे आणि जमीन नाही, तर तो चेओर्ल तो चेओर्लच! मिशीला पीळ देऊन पाटील होता येत नाही, सातबारा दाखवावा लागतो, हे तिथेही होते.

देणारे कोण, घेणारे कोण

दोनशे मेंढ्या एकटा शेतकरी कुठून देणार? म्हणून देणे एकट्याचे नव्हते. भाऊबंदांनी वर्गणी काढायची आणि घेणाऱ्या बाजूनेही वाटून घ्यायचे. आल्फ्रेडच्या कायद्यात बापाकडचे कुणी नसलेल्या माणसाची सोय बघा. एक तृतीयांश आईकडच्या नातेवाइकांनी द्यावे, एक तृतीयांश त्याच्या 'गेगिल्दान'नी द्यावे, आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्शापायी त्याने परागंदा व्हावे. 'गेगिल्दान' म्हणजे एकमेकांचे देणे वाटून घेणारे सोबती. 'गिल्ड', म्हणजे व्यापाऱ्या-कारागिरांचा संघ, हा शब्द याच धातूचा, आणि जर्मनमध्ये पैशाला 'गेल्ट' म्हणतात तोही. पैशाला त्यांचा आणखी एक शब्द होता, 'फेओह'. त्याचा पहिला अर्थ गुरेढोरे. आजची 'फी' त्याच घराण्यातली आणि संस्कृतातला 'पशु' हा त्याचा नातलग. शाळेची फी भरताना आपण तत्त्वतः गुरेच हाकून नेत असतो.

ही पद्धत कामाला येत होती का? दोन उदाहरणे देतो. ६७९ साली ट्रेंट नदीच्या काठी मर्सिया आणि नॉर्थम्ब्रिया या राज्यांची लढाई झाली. नॉर्थम्ब्रियाचा राजा एक्ग्फ्रिथ, त्याचा धाकटा भाऊ एल्फविने तीत पडला. एक्ग्फ्रिथची बहीण मर्सियाच्या राजाला दिलेली. म्हणजे सोयऱ्यांतलेच भांडण, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालले असते. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर मध्ये पडला. हा मूळचा आशिया मायनरमधल्या टार्ससचा. त्याने भावाच्या जिवाबद्दल जीव न मागता रक्कम घ्यायला एक्ग्फ्रिथला राजी केले. इतिहासकार बीड लिहितो, की त्यानंतर दोन्ही राज्यांत दीर्घकाळ शांतता राहिली. दुसरे उदाहरण केंटचे. तिथल्या लोकांनी ६८७ साली वेसेक्सच्या राजघराण्यातल्या मूल नावाच्या राजपुत्राला जाळून मारले. सात वर्षांनी, ६९४ साली, त्यांनी इने राजाशी तडजोड करून भरपाई दिली. आकडा तीस हजारांचा. नाणे कोणते यावर विद्वान अजून भांडतात. पण दोन राज्यांतले युद्ध टळले.

आणि जिथे ही पद्धत लागू पडत नाही तिथे काय होते, तेही त्या लोकांनी लिहून ठेवले आहे. 'बेओवुल्फ' या महाकाव्यात ह्रेथेल नावाच्या राजाची हकिगत येते. त्याच्या एका मुलाचा बाण चुकून दुसऱ्या मुलाला लागतो आणि तो मरतो. आता देणार कोण आणि घेणार कोण? मारणाराही आपला, मेलेलाही आपला. सूड घेता येत नाही, रक्कम मागता येत नाही. राजा त्या दुःखाने झुरून मरतो. वेरगिल्ड म्हणजे निव्वळ पैशाचा व्यवहार मानणाऱ्याने हा प्रसंग वाचावा. दुःखाला कुठेतरी वाट हवी असते, ती वाट या देण्याघेण्याने मिळत होती.

आपल्याकडेही ही वाट होती, आणि तिचा शोध लागण्यात मुंबईचा वाटा आहे. गेओर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला. त्याने आपस्तंब धर्मसूत्राची संहिता इथे मुंबईतच छापली. त्या सूत्रात क्षत्रियाला मारणाऱ्याने हजार गायी द्याव्यात, वैश्याबद्दल शंभर, शूद्राबद्दल दहा, आणि प्रत्येक वेळी वर एक बैल, असे आहे. कशासाठी द्यायच्या, तर वैर फेडण्यासाठी. ब्यूलरने यात जर्मन लोकांची वेरगिल्ड ओळखली. वेदांचा अभ्यासक रुडोल्फ रोट याने १८८७ साली 'शतदाय' आणि 'वैरदेय' हे ऋग्वेदातले शब्दही याच अर्थाने लावले. हजार, शंभर, दहा. वेसेक्सचे बाराशे आणि दोनशे यांच्यापुढे आपली उतरंड किती उभी आहे, ते वेगळे सांगायला नको.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची हालचाल. आपस्तंब गायी कुणाला द्यायच्या ते सांगत नाही. बौधायन सांगतो, राजाला द्या. मनुस्मृतीत तर हे गोदान प्रायश्चित्ताच्या प्रकरणात जाऊन बसते. वैर फेडण्याचे पैसे पाप फेडण्याचे झाले. मेलेल्याची विधवा आणि पोरे मधल्या मध्ये हिशेबातून गळाली. गावगाड्याने मात्र आपल्यापुरती आठवण ठेवली. 'मुंडकटाई' हा शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांच्या जगातला. माणूस मारला गेला तर त्याच्या घराला जमीन लावून द्यायची, ती मुंडकटाई.

राजाने पैसे घेतले

इंग्लंडमध्येही तेच झाले. १०६६ साली नॉर्मन आले आणि त्यानंतरच्या शतकात वेरगिल्ड मागे पडली. खून हा घराण्याविरुद्धचा नव्हे, राजाविरुद्धचा गुन्हा ठरला. गुन्हेगाराला फाशी आणि त्याची चीजवस्तू राजाला. सूडाचे चक्र थांबले, ही मोठीच गोष्ट. तिला मी कमी लेखत नाही. पण मेलेल्याच्या घरच्यांना काय मिळाले? फाशी बघायला मिळाली.

याचा शेवट कुठे झाला, तर १८०८ साली. घोडागाडी उलटून एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिन्याभराने वारली. नवरा कोर्टात गेला. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी निकाल दिला, की ती जखमी होऊन जिवंत होती त्या दिवसांपुरती भरपाई मिळेल. माणूस मेल्याबद्दल दिवाणी कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणजे पाय मोडला तर पैसे, जीव गेला तर काही नाही. या निकालाच्या बाराशे वर्षे आधीचा केंटमधला शेतकरी हे ऐकून चक्रावला असता.

हा नियम मोडला तो रेल्वेने. माणसे डझनांनी मरू लागली. इंग्रजी कायद्यात 'डिओडँड' नावाचा एक चमत्कारिक प्रकार होता: ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू किंवा तिची किंमत सरकारजमा. १८४१ साली सॉनिंग इथे आगगाडीचा अपघात झाला, तेव्हा जूरीने इंजिन आणि डब्यांवर हजार पौंडांचा डिओडँड बसवला. रेल्वे कंपन्या हादरल्या. १८४६ साली पार्लमेंटने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून मृताच्या बायकोमुलांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली १८५३ साली. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, तोच कायदा हिंदुस्थानात लागू झाला. तेरावा कायदा, १८५५. वेर मेला होता, त्याचा हक्क आगगाडीत बसून आपल्याकडे आला.

आजचा वेर

आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा प्राधिकरण असते. तिथे काय चालते ते जवळून बघण्यासारखे आहे. तीस वर्षांचा माणूस ट्रकखाली सापडून गेला, मागे बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाने घालून दिलेला हिशेब असा: त्याच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करा आणि वर्षाच्या उरलेल्या रकमेला सतराने गुणा. तो मजूर असून महिना १५,००० मिळवत असेल तर वजावटीनंतर ११,२५० उरतात, वर्षाचे १,३५,०००, गुणिले १७ म्हणजे २२,९५,०००. तोच जर ९०,००० पगाराचा अधिकारी असेल तर त्याच हिशेबाने १,३७,७०,०००. भविष्यातल्या पगारवाढीचे टक्के आणि अंत्यविधीचा खर्च वगैरे वेगळे. प्रमाण किती झाले? एकास सहा. मी आकडे मुद्दाम सोयीचे घेतले, हे कबूल. पण चेओर्ल आणि सरदार यांच्यातल्या एकास सहावर आपण हसलो होतो, म्हणून घेतले.

या हिशेबाला नावे ठेवणे सोपे आहे, आणि ते मी करणार नाही. कमावता गेल्यावर घरचा जो खड्डा पडतो तो भरायचा, तर खड्डा मोजावाच लागतो. प्रश्न आहे तो न कमावणाऱ्यांचा. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत पुष्कळ बायका गेल्या. ज्यांना पगार नव्हता त्यांचे मोल काय धरायचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २००१ साली न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. तेही कमीत कमी आणि अंदाजाने. बाईला तिच्या जन्माने पुरुषाइतकाच वेर देणाऱ्या त्या 'रानटी' कायद्यांपुढे हे तीन हजार ठेवून बघा.

आणि ज्यांचा हिशेबच कुणी केला नव्हता ते? गटारात आणि मैलाटाकीत उतरून गुदमरून मेलेले सफाई कामगार. बहुतेक ठेकेदाराच्या वहीतले, कित्येक वहीतही नसलेले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की १९९३ पासून अशा रीतीने मेलेल्यांची कुटुंबे शोधा आणि प्रत्येकाला दहा लाख रुपये द्या. २०२३ साली ही रक्कम तीस लाख झाली. इथे उत्पन्न विचारलेले नाही, वय विचारलेले नाही. एक माणूस, एक रक्कम. वेरच्या सगळ्या इतिहासात, हजार-शंभर-दहापासून बाराशे-दोनशेपर्यंत, मला जे आढळत नाही ते इथे आहे: सर्वांत खालच्या माणसाला सांगितलेला, दर्जा न विचारणारा वेर. आदेश निघाला खरा. वाटप अजून पूर्ण व्हायचे आहे, आणि आदेशाचा मुख्य भाग तर हा, की माणूस गटारात उतरवूच नये.

तेव्हा सुरुवातीच्या ओशाळण्याबद्दल माझे मत सांगून थांबतो. माणसाच्या मरणाची किंमत ठरवणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी अशा दोन गोष्टी आहेत: किंमत देताना कुणाला यादीतून वगळले, आणि दिलेली रक्कम विधवेच्या हाती पडायच्या आधी कुठे अडली. राजाने, धर्मशास्त्राने आणि ठेकेदाराने ती आपापल्या काळात अडवली आहे. आपल्यात वकील मंडळी आहेत, पत्रकार आहेत, नगरपालिकेत काम करणारे आहेत. आपापल्या गावात गटारात गेलेल्यांची नावे आणि त्यांच्या घरी पोहोचलेल्या रकमा यांची यादी करायला फार वेळ लागत नाही. ती करा, आणि जिथे नावापुढे रक्कम नाही तिथे अर्ज लिहून द्या.